मठाधिपतींची बायको

सेलाना
संत मार्टिनचा सण होऊन आठवडा झाला

बाळ रोतिल्द,

तू पाठवलेला माणूस काल दुपारी पोचला. घोडा लंगडतोय, म्हणून तो इथं थोडे दिवस थांबणार आहे. तेवढ्यात हे लिहून त्याच्या हाती देते. तुझा निरोप त्यानं पाठ करून आणला होता. भिंतीकडं बघत एका दमात म्हणाला, "मठाधिपती मेले की कळवा. बाकी काही कळवू नका."

मी म्हटलं, "आणि?"

"आणि काही नाही, बाई. एवढंच."

शेजारी आमची बोबा लोकर विंचरत बसली होती. तिला गप्प बसणं कधी जमलंय? ती म्हणाली, "एवढ्या लांबून एवढंच घेऊन आलास होय? मग घोडा उगाच लंगडा केलास."  मी त्याला वाटाण्याचं कढण आणि चीज दिलं. खाल्लं त्यानं पोटभर.

कळवीन, बाळ. तू मागितलं आहेस तर कळवीन.

तुझ्या वडिलांचे पाय सुजलेत. बोटानं दाबलं तर खळगा तसाच राहतो. गवताच्या पेंढ्या उचलायला अजून जातात, पण बांधावर बसून श्वास घेतात आणि वर म्हणतात की आकाश बघत होतो. मठातले कुणी त्यांना बसा म्हणत नाहीत. तिथं सगळेच त्यांना 'बाबा' म्हणतात, आणि बाबांना कोण सांगणार? तू लहान होतीस तेव्हा मला विचारायचीस, हे सगळे लोक माझ्या बाबांना बाबा का म्हणतात. 

तू मला पहिलं आणि शेवटचं पत्र पाठवलंस त्यात लिहिलं होतंस की आई, तू विसरलीस. विसरले असते तर बरं झालं असतं. तुझा भाऊ सिगो गेला तेव्हा तू मावशीकडं होतीस. तुला जे कळलं ते गाडीवानांच्या तोंडून कळलं. मी तुला कधी बसवून सांगितलं नाही, आणि मग तुझं लग्न झालं, तू समुद्राकाठी गेलीस. म्हणून आता सांगते.

तुझे वडील घर सोडून गेले ते सरदाराबरोबरच्या त्या शेवटच्या मोहिमेनंतर. कैद्यांना दोरीनं बांधून डोंगरापलीकडून आणलं होतं. त्यातल्या एका बाईचं तान्हं वाटेत गेलं आणि तिला थांबू दिलं नाही. ती ते अंगाशी धरून चालत राहिली. दोरीचं टोक तुझ्या वडिलांच्या खोगिराला होतं. परत आल्यावर ते जेवायला बसायचे आणि न जेवता उठायचे. हिवाळाभर असंच चाललं. मग एक दिवस म्हणाले, "गुंदिला, मला जाऊ दे." मठात जायचं तर बायकोची परवानगी लागते, म्हणून बिशपांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "तुझी परवानगी आहे ना?" मी हो म्हटलं. नाही म्हटलं तर काय होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

नंतर ते मठाधिपती झाले. चर्चमधली चांदी वितळवून त्यांनी कैदी सोडवून आणले, दर वर्षी, जमतील तितके. त्या बाईला शोधायला दोनदा माणसं पाठवली. ती सापडली नाही.

आणि सिगो. तो शरदातल्या घोडेबाजारात गेला होता. एका शिंगरावरून वाद झाला, दोघंही प्यायलेले होते, सिगोनं त्या माणसाला सगळ्यांसमोर चाबूक मारला आणि त्या माणसानं सुरी काढली. तो माणूस म्हणजे वादो. कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेला, पलीकडच्या गावातला जनावरं राखणारा. तो पळाला आणि जे पहिलं चर्च दिसलं त्यात शिरला; वेदीच्या आसऱ्याला आलेल्याला तिथून ओढून काढता येत नाही. ते सेलानाचं होतं. कुणाच्या बापाच्या दारात आपण आलोय हे त्याला ठाऊक नव्हतं.

सायंप्रार्थना चालू होती. हा वेदीचा पाय धरून पडलेला, आणि बाहेर आपली माणसं दारावर मुठी मारत होती, सिगोचं नाव घेऊन. तुझ्या वडिलांना आपला मुलगा गेला हे असं कळलं. त्या आरड्याओरड्यातून. मठातला उर्सियो तेव्हा तरुण होता, त्यानं मला सांगितलं की बाबांनी एकदा दाराकडं बघितलं, एकदा खाली पडलेल्या माणसाकडं, आणि म्हणाले, "दार लावा." मग राहिलेलं स्तोत्र पुरं केलं. आवाज कापला नाही म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याकडं चालत आले. उंबऱ्यातच उभं राहून म्हणाले, "सिगो गेला. ज्यानं मारलं तो माझ्याकडं आहे. मी त्याला देणार नाही." दोन्ही एका दमात. मी त्यांच्या तोंडात मारली. त्यांनी दुसरा गाल पुढं केला नाही, हे मी तुला सांगते, कारण इथं आता लोक तसं सांगायला लागलेत. ते फक्त उभे राहिले आणि मग गेले.

सरदारानं मध्ये पडून एवढंच कबूल केलं, की लांदेरिक, म्हणजे तुझे वडील, जिवंत आहेत तोवर वादोला कुणी हात लावणार नाही. त्यानंतरचं त्यानंतर. म्हणून तू वाट बघते आहेस. मला कळतं.

मी इथं येऊन राहिले ती त्यांच्यासाठी नाही. सिगोला त्यांनी मठाच्या बागेत पुरलं म्हणून. गिरणीच्या खालच्या अंगाला आम्ही सहा-सात बाया राहतो, विणतो, प्रार्थना करतो, भांडतो. वादोला मी पहिल्याच महिन्यात निरोप पाठवला होता की माझ्या मुलाच्या थडग्याजवळ दिसलास तर मी स्वतः तुझे डोळे काढीन. तेव्हापासून तो लाकडं घेऊन अख्ख्या बागेला वळसा घालून जातो. बर्फातसुद्धा.

थंडी फार पडली आहे. तुमच्याकडं समुद्राचं वारं, तू गळा झाकत जा.

तुझी आई


सेलाना
नाताळच्या आधीचा आठवडा

बाळ रोतिल्द,

एक मीठवाला तुमच्या बाजूला निघालाय. त्याच्याकडं देते. तू विचारलं नाहीस, तरी लिहिते.

त्यांना आता मठाच्या आतून हलवून फाटकाजवळच्या पाहुण्यांच्या खोपटात ठेवलंय. आत बायकांना जाता येत नाही. उर्सियो म्हणाला, गोरगरिबांना भेटता यावं म्हणून बाबांनीच सांगितलं. मला वाटतं, मलाही जाता यावं म्हणून. तसं कुणी म्हणालं नाही.

मी चार दिवस गेले नाही. मग गेले.

खोपटाबाहेर माणसं बसलेली होती. एक जण गाय घेऊन आला होता. मागच्या वर्षी त्याच्या दुसऱ्या गाईला बाबांनी हात लावून बरं केलं म्हणे. आतून तुझ्या वडिलांचा आवाज आला, "अरे, तिला मीठ हवं होतं. मी मीठ चाटवलं. तूही चाटव." तो माणूस आनंदानं उठला आणि बाकीच्यांना म्हणाला, "ऐकलंत? बाबांनी मिठाला आशीर्वाद दिला." मला हसू आलं. आत गेले तर तेही हसत होते. आम्ही दोघं एका गोष्टीला शेवटचं कधी हसलो होतो ते मला आठवेना.

इतकी वर्षं मी त्यांना सगळ्यांसारखं 'तुम्ही' म्हणत आले, ते पण बोलायची वेळ आली तरच. त्या दिवशी बाजेजवळ बसले आणि तोंडातून 'तू' गेलं.

मी म्हटलं, "तू बारीक झालास."

ते म्हणाले, "तूही."

"रोतिल्दचा निरोप आलाय."

"माहीत आहे. तिचा माणूस घोड्याला पाणी पाजायला आला होता तेव्हा माझ्याकडं असा बघत होता, जसं गिऱ्हाईक बैलाकडं बघतं. किती दिवस चालेल म्हणून."

 बाहेर लाकडं फोडल्याचा आवाज येत होता. वादो फोडत होता. या खोपटाची शेकोटी पेटती राहावी म्हणून तो सकाळपासून लाकडंच फोडतो, पण आत येत नाही. दुसरं कुणीतरी मोळी आत आणून ठेवतं. मी विचारलं, "तो आत का येत नाही?"

"मी सांगितलंय."

"का?"

तेव्हा ते जे बोलले ते तुला कळलं पाहिजे, रोतिल्द. म्हणूनच हे पत्र लिहितेय. ते म्हणाले, "मी त्याला वाचवलं, गुंदिला. माफ केलं नाही. लोकांना दोन्ही एकच वाटतं."

 ते सांगत राहिले. प्रार्थनेत सगळ्यांच्या आवाजात त्यांना वादोचा आवाज वेगळा ऐकू येतो, रोज, पहाटेपासून. भाकरी तो आणतो म्हणून कळलं तर घास खाली उतरत नाही. इतक्या वर्षांत त्याच्या हातून त्यांनी काहीच घेतलं नाही, साधं पाणीसुद्धा. पवित्र गुरुवारी मठाधिपतीनं सगळ्या बंधूंचे पाय धुवायचे असतात. सगळ्यांचे धुतात, आणि वादोपाशी आले की घंगाळ उर्सियोच्या हाती देतात. लोकांना वाटतं, वाकून कंबर धरली असेल.

"त्याचे पाय हातात आले असते तर मी ते मोडले असते," ते म्हणाले.

मी विचारलं, "मग त्याला ठेवलास कशाला? द्यायचा होतास आमच्याकडं. मी तुला किती शिव्या दिल्या, लेक तुटली आपली, ती तुझं नाव घेत नाही."

ते म्हणाले, "दार माझं नव्हतं ना. माझं असतं तर मीच बाहेर काढला असता."

मला वाटत होतं की ते देवमाणूस झालेत आणि त्यांना दुखत नाही. याच गोष्टीचा मला सगळ्यात राग होता. सिगोचं दुःख मी एकटी ओढतेय असं मला वाटायचं. त्यांना दुखत होतं, रोतिल्द. माझ्यापेक्षा जास्त की कमी ते मोजता येत नाही, पण रोज दुखत होतं, आणि त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

मी उठताना त्यांनी विचारलं, "रोतिल्दचं कसं चाललंय?" मी म्हटलं, मला माहीत नाही. ते खरंच होतं.

आई


सेलाना
मेणबत्त्यांच्या सणाचा दिवस, नाताळ होऊन सव्वा महिना झाला

रोतिल्द,

तुझा माणूस पुन्हा आला. विचारतोय.

त्यांची प्रकृती तशीच आहे. बर्फ खूप पडलंय, खिंड बंद आहे, त्याला यायलाच फार त्रास झाला. तुझ्या नवऱ्याला, हारिउल्फला सांग, अशा दिवसांत माणसं घेऊन निघू नये. काही झालं तर मी कळवीनच.

आम्ही सगळ्या बऱ्या आहोत.

आई


सेलाना
उपवासकाळाचा तिसरा आठवडा

बाळ रोतिल्द,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं.

तुझा माणूस माझ्यापुढं बसून कढण पीत होता तेव्हा तुझ्या वडिलांना पुरून झालं होतं. सगळ्या बायांना मी हात जोडून सांगितलं होतं की याच्यासमोर बोलू नका. बोबा तर तो जाईपर्यंत तोंडात पाव धरून बसली होती. उर्सियोनं फाटक लावून घेतलं आणि सांगितलं की मठ मौनात आहे. ते खोटं नव्हतं.

का लपवलं, ते मला नीट सांगता येत नाही. वादोसाठी नाही. एवढंच वाटलं, की त्यांच्या मातीवर बर्फ तरी नीट बसू दे. मग घोडे येऊ देत. पण आता खिंड उघडली, मिठाच्या गाड्या सुरू झाल्या, आणि मीठवाले जातील तिथं सांगणार. तुला परक्याच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं. पोचेल की नाही वेळेत, देव जाणे.

ते एका सकाळी गेले. आदल्या दिवशी मी होते. शुद्ध येत-जात होती. मला एकदा म्हणाले, "खोगीर उतरव." मला कळलं ते कुठल्या वाटेवर आहेत ते. मी म्हटलं, उतरवलं. "दोरी सोड." सोडली म्हटलं. मग झोपले. संध्याकाळी उर्सियोनं मला घरी पाठवलं आणि सकाळी घंटा वाजली तेव्हा मी अंगण झाडत होते. झाडू तिथंच टाकायचं सोडून मी अंगण पुरं झाडलं. माणूस काय करतो, त्याला तरी कुठं कळतं.

त्यांच्याजवळ शेवटी वादो होता.

उर्सियो सांगतो की पहाटे बाबांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "त्याला बोलवा आणि तुम्ही बाहेर जा." तो कोण हे विचारावं लागलं नाही. वादो आत गेला, दार ओढून घेतलं. थोड्या वेळानं बाहेर आला आणि म्हणाला, "गेले."

मातीच्या दुसऱ्या दिवशी मी त्याला गाठलं. इतक्या वर्षांत मी त्याच्याशी बोलले नव्हते. तो लाकडं घेऊन वळसा घालून चालला होता. मी आडवी गेले तशी त्यानं मोळी खाली ठेवली आणि मान खाली घातली.

मी विचारलं, "काय म्हणाले ते तुला?"

"पाणी दे म्हणाले."

"आणि?"

"मी पाणी दिलं."

"प्यायले?"

"अर्धा वाडगा. बाकीचं हनुवटीवरून सांडलं. मी पुसलं नाही. हात लावावा की नाही ते कळेना."

"आणखी काही नाही बोलले?"

"नाही, बाई."

मी वाट सोडली. त्यानं मोळी उचलली.

आता उर्सियो मठाधिपती झाला आहे, आणि त्याला बाबांचं चरित्र लिहायचंय. गुणवर्णन. परवा माझ्याकडं आला, कातड्याची पानं आणि शाई घेऊनच. मला म्हणाला, "बाई, तुम्ही त्यांना सगळ्यांच्या आधीपासून ओळखता. लहानपणापासूनच ते उपवास करायचे का?"

मी म्हटलं, "लहानपणी ते आमच्या झाडावरची नासपती चोरायचे."

त्यानं ते लिहिलं नाही. मग मी त्याला सांगितलं, जे ते मला बोलले ते सगळं. आवाज वेगळा ऐकू येतो ते, घास उतरत नाही ते, घंगाळाचं तर त्याला ठाऊकच होतं. तो ऐकून घेत राहिला. त्याचे डोळे भरले होते, तो दगड नाही. शेवटी म्हणाला, "हे लिहिता येणार नाही."

"मग काय लिहिणार?"

"की त्यांनी मुलाच्या मारेकऱ्याला मुलगा मानलं."

"मानलं नाही."

"शेवटी मानलं. त्याच्या हातचं पाणी घेतलं."

"तहान लागली असेल," मी म्हटलं.

तो म्हणाला, "बाई, डोंगरापलीकडं भाऊ भावाला मारतोय. त्या लोकांना वाचून दाखवायला मला एक असा माणूस हवाय ज्याला जमलं."

मी म्हटलं, "ज्याला जमलं नाही आणि तरी ज्यानं दार उघडलं नाही, असा माणूस दाखवा की." त्यानं लेखणी पुसली. चांगला माणूस आहे, पण तो माझं ऐकणार नाही. आत्ताच लोक थडग्यावरची माती तापावर घ्यायला नेतात. चिमूट चिमूट करत खळगा पडला आहे, तो दर आठवड्याला भरावा लागतो.

ते पुस्तक एक दिवस तुमच्याकडंही पोचेल. तुझ्या चर्चमध्ये कुणीतरी मोठ्यानं वाचेल, आणि तू ऐकशील की तुझ्या बापाला पोटच्या मुलापेक्षा देव मोठा वाटला आणि डोळ्यांतून टिपूस न काढता त्यानं सगळं माफ केलं. तेव्हा तुझ्याजवळ हे असावं. तू रागावशील ते खऱ्या माणसावर रागाव. तेवढंच माझं मागणं आहे. ये किंवा येऊ नको हे मी सांगत नाही. मला काय हवंय तेच मला कळत नाही.

तुझी आई


सेलाना
ईस्टरनंतरचा दुसरा आठवडा

रोतिल्द, बाळा,

हारिउल्फ तुझ्याकडं पोचला असेल, आणि त्याच्याकडून तुला कळलं असेल. तरी माझ्याकडून ऐक.

मीठवाल्यांनी माझ्या पत्राच्या आधी गाठलं तुम्हाला. हारिउल्फ दुपारच्या प्रार्थनेनंतर आला. सोबत आठ-दहा स्वार, चिलखतं घातलेले. उर्सियोनं दार लावलं आणि स्वतः आतून अडसराला पाठ लावून उभा राहिला. घाबरला होता, पण उभा होता. बाहेर मी, बोबा आणि दोघी-तिघी बाया. हारिउल्फ घोड्यावरून उतरला आणि माझ्यासमोर वाकला. तुझं नशीब चांगलं आहे, माणूस अदबीचा आहे. म्हणाला, "आई, सरदाराचा शब्द संपलाय. मी रोतिल्दला वचन देऊन आलोय."

तेवढ्यात आत गलबला झाला. वादोनं उर्सियोला बाजूला केलं होतं. दार उघडलं आणि तो एकटा बाहेर आला. अंगावर झगा, पायात काही नाही. येऊन वाटेच्या मधोमध उभा राहिला. म्हणाला, "यांना आत येऊ नका म्हणावं. मी आलोय."

मी त्याच्याकडं बघितलं. नीट, उजेडात. माझ्या डोळ्यांसमोर इतकी वर्षं सुरी घेतलेला एक तरुण पोरगा होता. इथं टकलावर ऊन पडलेला एक प्रौढ माणूस उभा होता, खालचे दात पडलेला, एक गुडघा वाकवता न येणारा. आणि माझ्या मनात आलं की सिगो आता एवढाच असता. त्याचाही गुडघा दुखला असता. हे मला कधी सुचलंच नव्हतं. सिगोचं वय मी वाढूच दिलं नव्हतं.

हारिउल्फ म्हणाला, "आई, रक्त तुमचं आहे. हक्क तुमचा. तुम्ही सांगाल ते."

माझ्या मनात हो होतं. तुला खरं सांगते, हो म्हणायलाच मी तोंड उघडलं. बाहेर आलं ते 'नको'.

त्याला वाटलं त्यानं चुकीचं ऐकलं. "काय?"

"नको."

"नीट विचार करा. परत परत ही वेळ येत नाही."

"इथं नको. यांना आत्ता कुठं पुरलंय इथं."

मागून एक स्वार म्हणाला, "मग वेशीबाहेर नेऊ."

"वेशीबाहेरही नको," मी म्हटलं. "कुठंच नको."

हारिउल्फ हळू आवाजात म्हणाला, "मी तिला काय सांगू?"

"सांग की आईनं नको म्हटलं. तू वचन मोडलं नाहीस, मी मोडायला लावलं."

तो खूप वेळ लगाम हातात फिरवत राहिला. त्याच्या माणसांत कुजबुज चालली होती. एक जण माझ्या पायाजवळ थुंकला आणि हारिउल्फनं त्याच्या तोंडात मारली. मग सगळे घोड्यांवर चढले. वादो अजून तिथंच उभा होता. त्याला मी काहीही बोलले नाही. काय बोलणार? मी त्याला माफ केलेलं नाही, रोतिल्द. आजही करता येत नाही. तो तिसऱ्या दिवशी उर्सियोचा निरोप घेऊन डोंगरापलीकडच्या कुष्ठरोग्यांच्या वस्तीत राहायला गेला. परत येणार नाही म्हणाला. जाताना बागेच्या कुंपणापाशी थांबला होता असं बोबा सांगते. आत आला नाही.

मला ठाऊक आहे मी काय गमावलं. तुझ्या वडिलांनी दार लावलं तेव्हा तू त्यांना टाकलंस, आणि मीही टाकलं. आता मी तेच केलंय. तू मला उत्तर लिहिणार नाहीस. मी तुला दोष देत नाही. त्या बाजूला उभं राहून किती दुखतं ते मला माहीत आहे, मी तुझ्या बाजूलाच उभी होते इतकी वर्षं. ते मात्र मी आज जिथं उभी आहे तिथं एकटेच उभे होते. हे त्यांना सांगायला हवं होतं. खोपटात बसले होते तेव्हा सुचलं नाही.

एक गोष्ट राहिली. हारिउल्फ घोडा वळवून थोडा पुढं गेला आणि परत आला. मला वाटलं, मन बदललं. तो वरूनच म्हणाला, "तुम्हाला माहीत नसेल. नाताळात आम्हाला मुलगी झाली." आणि टाच मारून निघून गेला. मी त्याच्या मागं वाटेवर धावले, पण या वयात काय धावणार, धूळ तेवढी खाल्ली.

तुझा माणूस दुसऱ्यांदा इथं कढण पीत बसला होता तेव्हा ती महिन्याची असेल. तो बोलला नाही. तूच सांगू नको म्हणाली असशील.

माझ्याशी बोलू नकोस. पत्राचं उत्तर देऊ नकोस. मीठवाला तुमच्या दारावरून येतो, त्याच्या कानात एक शब्द सांग, एवढंच.

तिचं नाव काय ठेवलंस?

आई